कोण कुणाबरोबर नांदेल

कुणी बाईंना सांगायला गेलं, की मुंबईला अमक्याच्या घरी फार देखणा मासा बघितला, तर बाई चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "तोंड केवढं आहे त्याचं?"

रंग नाही, शेपूट नाही, नाव नाही. आधी तोंड. ज्याच्या तोंडात दुसरा मासा मावतो तो आज ना उद्या त्याला गिळतोच, हा त्यांच्या टाकीतला पहिला कायदा होता. "पोटभर खायला घातलं तरी?" असं मी एकदा विचारलं. "पोटभर जेवलेला माणूस समोरची भजी सोडतो का?" बाई म्हणाल्या. आमच्याच घरातला एक माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला.

हा प्रश्न त्या माशांपुरता ठेवत नसत, हीच तर गंमत. चाळीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं, मुलगा गोरा आहे, रेल्वेत आहे, घरची भातशेती आहे, असं सगळं सांगून झालं की बाई विचारायच्या, "आणि सासूचं तोंड केवढं?" मुलीची आई आधी हसायची, मग विचारात पडायची. एक स्थळ तेवढ्यावरून मोडलं असंही म्हणतात, पण ते खरं नसावं. चाळीतल्या बायकांना बाईंच्या नावावर काहीही खपवायची सवय होती.

त्यांचं नाव मला माहीत होतं. ते इथं लिहीत नाही, कारण आमच्या कर्जतच्या भिसेगावात कुणी त्यांना नावानं ओळखलंच नाही, आता मी कशाला सुरुवात करू? सगळ्यांच्या त्या नुसत्या बाई. मुंबईच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर मिडवाईफचं काम केलं. निवृत्त झाल्या, आणि लढाईत मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली तेव्हा निम्म्या मुंबईबरोबर त्याही कर्जतला आल्या. बाकीच्यांनी येताना दागिने आणले, तांब्या-पितळेची भांडी आणली. बाईंनी गोधडीत गुंडाळून काचेची टाकी आणली. मासे वेगळे आले, रॉकेलच्या रिकाम्या डब्यातून, झाकणाला भोकं पाडून, गार्डाच्या डब्यात बसून. ते उतरवून घेणारे पार्सलबाबू म्हणजे माझे यजमान. डब्यावर 'जिवंत' असं खडूनं लिहिलेलं बघून त्यांना आत साप आहे असं वाटलं आणि ते फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले, असं बाई ज्याला त्याला सांगायच्या. हे नाकारायचे. पण नाकारताना कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, त्यावरून मी काय ते समजले.

बॉम्ब काही पडले नाहीत. लोक एकेक करून परत गेले. बाई राहिल्या. "माशांना इथलं पाणी मानवलंय," हे त्यांचं कारण.

टाकी त्यांनी पूर्वेच्या खिडकीशी ठेवली होती, सकाळचं कोवळं ऊन लागावं म्हणून. पाण्यात हवा सोडायचा पंप वगैरे आमच्याकडे कुठला? विजेच्या तारा होत्या त्या आगगाडीच्या डोक्यावर, आमच्या घरात चिमणीच. त्यामुळे टाकीत मासे थोडेच ठेवायचे आणि पाणवेली भरपूर लावायच्या. विहिरीचं पाणी आणलं की ते लगेच टाकीत जात नसे, घागरीत मुरवत ठेवलं जाई. माशांना खायला डासांच्या अळ्या लागत. बाई फडक्याची गाळणी घेऊन चाळीतल्या सगळ्या पिंपांवरून फिरायच्या आणि ज्याच्या पिंपात अळ्या मिळाल्या नाहीत त्याच्यावर रागवायच्या. ज्याच्या पिंपात मिळाल्या त्याला मात्र हिवतापावर व्याख्यान द्यायच्या. म्हणजे कसंही करून बोलणी खायची ती आम्हीच.

दहिवलीहून एक भाजीवाली यायची. तिच्या पाटीत भाजीखाली कधी कधी डोहातले बारके मासे असत. पहिल्यांदा तिनं ती टाकी बघितली तेव्हा ती उंबऱ्यातच उकिडवी बसली.

"बाय, इतकं मासं हायत घरात, मग कालवण का नाय करीत?"

"ते बघायला ठेवलेत गं."

"नुसतं बगायला?"

"नुसतं बघायला. खायला तुझे घेते. घाल पाटीतले वाटाभर."

आणि खरंच घ्यायच्या. चांगलं चिंच घालून कालवण करायच्या. फक्त जेवायला बसताना टाकीकडे पाठ करून बसायच्या. "त्यांना कशाला उगाच," म्हणायच्या.

मी लग्न होऊन आले आणि रिकामी दुपार त्या टाकीपुढे काढू लागले. तेव्हा मला कळलं, की मासे पाळणं म्हणजे मासे निवडणं नाही, शेजार निवडणं आहे. बाईंची टाकी तीन मजल्यांची होती. काही मासे वरच्या वर तरंगणारे, काही मधल्या मजल्यावरचे, काही तळाशी चिखलात नाक खुपसून बसणारे. प्रत्येक मजल्यावर बिऱ्हाड वेगळं, म्हणजे जिन्यात भांडण नाही. लांब शेपटीच्या गप्पींबरोबर नदीतला पट्टेरी मासा ठेवायचा नाही, तो जाता-येता शेपट्या कुरतडतो. काही जाती एकट्या ठेवल्या तर दगडामागे दडून झुरतात, त्यांना आपल्यासारखे चारजण लागतातच. आणि काहींना दुसरा आपल्यासारखा दिसला की वेड लागतं.

हे वेड मी प्रत्यक्ष बघितलं. आमच्या चाळीतले एक गृहस्थ कामाला मुंबईला जात. बाईंनी त्यांना 'फायटर' म्हणतात तो मासा आणायला सांगितला. त्यांनी हौसेनं दोन आणले. दुकानदारानं दोघांना दोन वेगळ्या बाटल्यांत दिलं होतं. या भल्या माणसाला वाटलं, बिचारे एकेकटे कंटाळतील, गप्पा मारत येतील. म्हणून त्यांनी बोरीबंदरलाच दोघांना एका बाटलीत घातलं. कर्जत येईपर्यंत दोघांच्या पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या. बाईंनी बाटली हातात घेतली, बघितली आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण आधी मला विचारायचं." मग दोघांना वेगवेगळ्या बरण्यांत, चिमूटभर मीठ टाकलेल्या पाण्यात ठेवलं आणि एकमेकांना दिसू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा उभा केला. ते दोघे वाचले. शेवटपर्यंत पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना राहिले.

आता माझ्या घरातलं सांगायला हवं, नाहीतर बाईंचे उपकार तुम्हाला कळायचे नाहीत.

मी बिजवराला दिलेली. यांची पहिली बायको बाळंतपणाला माहेरी खालापूरला गेली आणि तिकडेच वारली, मूलही गेलं. ही सगळी गोष्ट बाई चाळीत यायच्या आधीची. मागं राहिली ती मुलगी, शालू. मी आले तेव्हा ती नुकती पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागली होती. दिसायला चुणचुणीत, पण माझ्याशी बोलायची नाही. मला ती कशानंच हाक मारत नसे. आई नाही, मावशी नाही, साधं 'अगं'सुद्धा नाही. भूक लागली तर ताट पुढ्यात घेऊन बसायची आणि मी वाढेपर्यंत भिंतीकडे बघायची.

एवढंच असतं तर मी निभावून नेलं असतं. पण ती घराची राखण करायची. मिसळणाचा डबा मी दुसऱ्या फळीवरून पहिल्या फळीवर ठेवला की संध्याकाळी तो परत दुसरीवर. पोळपाट चुलीजवळ आणला की तो परत कोनाड्यात. दांडीवर तिच्या आईचं एक लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं, त्याला मला हात लावू देत नसे. माझी लग्नातली ट्रंक दाराशीच पडून होती, कारण ती जिथं ठेवावी तिथून शालू ओढून परत दाराशी आणायची. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. पोर हाय. होईल हळूहळू." एवढं बोलून कामावर गेले. पुरुषांचं बरं असतं, त्यांना जायला पार्सल ऑफिस असतं.

मला वाटायचं, या पोरीनं मला घालवायचंच ठरवलं आहे. आणि खरं सांगायचं तर मीही मनातून माहेरची वाट धरली होती. फक्त पाऊल उचललं नव्हतं.

शालू रमायची ती बाईंकडे. शाळेतून आली की टाकीसमोर फतकल मारून बसायची. टाकीत तेव्हा एक जुना गुरामी होता. गुरामी म्हणजे चपट्या अंगाचा, मिशांसारखे दोन धागे पुढं करून चाचपत फिरणारा मासा. त्याची जोडीदारीण मेली होती. तेव्हापासून कोपऱ्यातल्या काळ्या दगडामागची जागा त्यानं आपली केली होती आणि कुणी जवळ आलं की अंगावर धावून जायचा. बाईंना टाकीत निळ्या पट्ट्यांचे नवे मासे सोडायचे होते, आणि हा म्हातारा त्यांना जगू देणार नाही अशी धास्ती होती.

ते काम बाईंनी कसं केलं ते मी आणि शालूनं शेजारी बसून बघितलं. आधी नवे मासे काचेच्या बरणीत घालून ती बरणीच टाकीत उभी केली. "बघू देत एकमेकांना. ओळख लांबूनच होऊ दे." गुरामी बरणीवर धडका देऊन देऊन थकला. मग एका संध्याकाळी बाईंनी बाही सारली आणि टाकीतला एकूण एक दगड हलवला. काळा दगड या टोकाचा त्या टोकाला, वेली उपटून दुसरीकडे. जुनी खूण एक ठेवली नाही. आणि मगच बरणी आडवी करून नव्यांना सोडलं.

"आता हे घर कुणाचंच नाही," बाई हात पुसत म्हणाल्या. "त्याचंही नाही, यांचंही नाही. सगळेच नवे. मग भांडण कशावरून?"

गुरामी बराच वेळ आपला कोपरा शोधत फिरला. सापडला नाही, तेव्हा नव्यांच्या शेजारीच एका वेलीखाली जाऊन थांबला. मला तर देवळात गेल्यासारखं वाटलं. शालू मात्र काळ्या दगडाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाईंनी मला विहिरीवर रडताना गाठलं. बाईंपुढे लपवाछपवी चालत नसे, त्यांनी जन्मभर बायकांची तोंडं बघून कळा ओळखलेल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर अजून तिच्या आईच्याच हातचं लावलेलं आहे?"

"डब्यान् डबा."

"मग सूनबाई, दगड हलवायला हवेत."

हे आधी तयार होईनात. बाई यांना म्हणाल्या, "अहो पार्सलबाबू, दोघींना एका घरात ठेवायचं तर घर दोघींना सारखंच नवं पाहिजे." बाईंपुढे कोण बोलणार? एका रविवारी शालूला दहिवलीला आत्याकडे धाडलं आणि आम्ही कामाला लागलो. फळ्या काढून दुसऱ्या भिंतीला ठोकल्या. मातीची चूल फोडली आणि खिडकीशी नवी घातली. दांडीवरचं लुगडं पेटीत गेलं. बाई मधोमध उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. दुपारपर्यंत घर ओळखू येईना. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मी त्या घरात पहिल्यांदा गुणगुणले.

शालू दिवस मावळायच्या आधी आली. उंबऱ्यात उभी राहिली. एकेक भिंत बघितली.

"चूल कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी दाखवली. ती वळली आणि बाहेर गेली. मला वाटलं, बाईंकडे गेली, तिथं बरं वाटेल तिला.

बाई तेव्हा घरात नव्हत्या. मागच्या आळीत कुणी अडली होती, तिकडे त्यांना बोलावणं आलं होतं. त्या परत आल्या त्या वेळी चाळीतली सगळी माणसं अंगणात जमलेली होती. तुळशीपाशी टाकीतल्या सगळ्या दगडांचा ढीग. वेली उपटून फेकलेल्या. शालू कोपरापर्यंत चिखलानं भरलेली, परकर ओला, ढिगाशेजारी उभी. आत टाकीत पुराच्या नदीसारखं गढूळ पाणी, निळ्या पट्ट्यांचे नवे मासे वर येऊन तोंडं वासत होते, दोन-तीन आडवे झाले होते. एकटा गुरामी तेवढा धड होता. ती जात वरची हवा पिऊन जगते.

हे पुढं झाले आणि त्यांनी हात उगारला. बाईंनी तो वरच्या वर धरला.

"थांबा. आधी तिला विचारू द्या मला."

बाई अंगानं थोराड. त्या गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "का गं केलंस असं?"

शालूची हनुवटी थरथरत होती, पण डोळे कोरडे होते. "तुमी आमचं घर मोडलं. आता आई आली की तिला कायबी गावनार नाय."



"कुठून येणार आहे आई?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

"खालापूरवरनं. मामाकडं गेलीया बाळंतपनाला. मला सांगून गेली, घर नीट ठेव, मी येईस्तवर काय हलवू नको."

मी यांच्याकडे बघितलं. हे पायरीवर मटकन बसले होते. बाईंनीही मान वळवून बघितलं.

"कसं सांगनार व्हतो, बाई?" हे म्हणाले. "रोज म्हनायचो, उद्या सांगू. मग लगीन झालं. वाटलं, आता तिला कळलंच असंल."

म्हणजे एवढे दिवस ती पोर मला घालवत नव्हती. ती आईच्या वाटेकडे डोळे लावून होती, आणि आईनं सोपवलेलं काम चोख करत होती.

बाईंनी तिचे चिखलाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. पुढं त्या जे बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"शालू, नीट ऐक. तुझी आई येणार नाही. तिला यायचं होतं गं, पण बाळंतपणात ती गेली. मेली. हे तुला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं."

"आनि बाळ?"

"तेही गेलं."

"मामानं का नाय सांगितलं?"

"मोठी माणसं भितात. फार भितात."

शालू रडली नाही. नुसती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, हे खरं बोलतंय की नाही याची पारख करत असल्यासारखी. मग तिनं मान खाली घातली. बाईंचा आवाज मी तोपर्यंत कधी कापरा ऐकला नव्हता. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी जन्मभर बायकांना घरी परत पाठवायचं काम केलं. काही परत गेल्या नाहीत. त्यांच्या घरी वाट बघणाऱ्या पोरांना कोण काय सांगतं, हे मला कधी सुचलंच नाही. आणि आज इथं येऊन दगड हलवा म्हणून सांगितलं. माशाला कुणी सांगून जात नाही, मी येईपर्यंत थांब म्हणून." मग पुन्हा शालूकडे वळून म्हणाल्या, "माझं चुकलं."

मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनासुद्धा ताडकन उत्तर देणारी बाई, चाळभर माणसांदेखत एका एवढ्याशा पोरीला 'माझं चुकलं' म्हणाली. नंतर मी पुष्कळ मोठी माणसं बघितली. ते दोन शब्द म्हणताना त्यांच्या घशात काय अडकतं कोण जाणे.

मग बाई उठल्या. टाकीत तडफडणाऱ्या माशांकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि मुरवलेल्या पाण्याची घागर यांच्यापुढे ठेवली. "हे हळूहळू ओता, गढूळ पाणी लोट्यानं काढा. जगतील ते जगतील." आणि शालूला म्हणाल्या, "चल. तुझ्या आईचं घर परत लाव. सांग आम्हाला कुठं काय होतं ते."

आम्ही तिघी घरात गेलो. शालू सांगत होती, मी ठेवत होते.

"मिसळणाचा डबा?"

"दुसऱ्या फळीवर."

"उजवीकडे की डावीकडे?"

त्यावर तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "डावीकडं. आईचा डावा हात चालायचा."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला तिची आई कळली. ती डावखुरी होती, उंचीनं कमी होती म्हणून वरची फळी रिकामी ठेवायची, लसणीची गड्डी खिडकीला टांगायची. सवतीचा म्हणून माझ्या मनात जो काही सल होता तो एकेक डबा ठेवताना निघत गेला. लुगडं पेटीतून काढून मी स्वतः दांडीवर घातलं. चूल मात्र परत होईना, ती फुटली होती. शालू तिच्या ढेकळांपाशी उभी राहिली. तिनं ढेकळाला पाय लावला, मग नव्या चुलीकडे बघितलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खिडकीजवळ बरी हाय. धूर जाईल."

सगळं झालं तेव्हा माझी ट्रंक तेवढी दाराशी उरली. शालूनं विचारलं, "आनि ही?" मी बाईंकडे बघितलं. बाई मुद्दाम छताकडे बघत होत्या. मग शालूनंच ट्रंक धरली, ओढत ओढत तिच्या आईच्या पेटीपर्यंत नेली आणि शेजारी लावली. "हितं," म्हणाली.

मी माहेरी गेले नाही. ते बाईंमुळे, असं मी आजही मानते. त्यांचा सल्ला चुकला म्हणून नव्हे, तर चुकल्यावर त्या जमिनीवर बसल्या म्हणून. माझा संसार त्या बसण्यावर उभा आहे. हे त्यांच्यासमोर एकदा बोलून दाखवायला हवं होतं, पण त्या काळी आभार मानायची रीत आमच्यात नव्हती. मी आपली खरवस केला की पहिली वाटी त्यांच्याकडे पाठवायची.

शालू त्यानंतर माझ्याशी बोलू लागली, कामापुरतं, मग थोडं जास्त. हाक मात्र कशानंच मारायची नाही. आणि रडायची नाही. पडली, खरचटलं, शाळेत छडी खाल्ली, तरी डोळ्यांत पाणी नाही. मला त्याची काळजी वाटे. मी बाईंना म्हणाले, हिचं रडू कुठं गेलं? बाई म्हणाल्या, "असेल कुठंतरी. आपण जवळ राहायचं. सारखं डोकावून बघायचं नाही."

लढाई संपली. टाकीचा संसार पुन्हा उभा राहिला. शालूच बाईंबरोबर बसून कुणाला कुणाजवळ ठेवायचं ते ठरवायची. पण बाईंच्या पायांवर सूज यायला लागली, धाप लागू लागली. आपला देश स्वतंत्र व्हायच्या थोडं आधी पुण्याहून त्यांचा भाचा आला आणि त्यांना घेऊन गेला. पुढच्याच वर्षी त्या तिकडेच वारल्या, ते आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणून माझ्या मनात बाई संपतात त्या कर्जत स्टेशनवर.

यांनी पुण्याच्या गाडीत त्यांना खिडकीशी जागा धरून दिली. टाकी त्यांनी शालूच्या हवाली केली होती, कोणाला काय खायला घालायचं ते दहादा बजावून झालं होतं, तरी खिडकीतून पुन्हा बजावत होत्या. घाटासाठी गाडीच्या मागं दुसरं इंजिन लागलं, धक्का बसला. मी डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "रडायला काय झालं? जा, भात टाका, पोर उपाशी आहे." गाडी हलली. त्यांनी हात वगैरे हलवला नाही. चष्मा पुसत बसल्या होत्या, तेवढं दिसलं.

आम्ही भिसेगावात परत आलो. मी भात चुलीवर चढवला आणि शालू कुठं दिसेना म्हणून बाहेर आले. बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं. खोली झाडून घेतलेली, भिंतीवर खुंट्या तेवढ्या राहिलेल्या. शालू मधोमध उभी होती. माझी चाहूल लागली तशी ती वळली, धावत आली आणि माझ्या पोटात डोकं खुपसून रडायला लागली. असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. एवढ्या वर्षांचं सगळं त्यात होतं, बाईंचं होतं आणि बाईंच्या आधीचंही होतं. मी तिला घेऊन तिथंच भुईवर बसले.

"आई," ती हुंदके देत म्हणाली, "बाई परत येतील का गं?"

येतील म्हणावं असं फार वाटलं. शब्द ओठांवर आले होते.

"नाही गं बाळा," मी म्हणाले. "त्या खूप थकल्यात. नाही यायच्या आता."

तिनं माझा पदर मुठीत आवळून धरला आणि आणखी जोरानं रडू लागली. मी तिला थोपटत बसले. चुलीवरचा भात करपला, त्याचा वास चाळभर पसरला, शेजारणीनं दोनदा हाक मारली. मी उठले नाही.